चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा

केज तालुक्यातले एक गुरुजी दिवाळीच्या आधी लातूरला माझ्याकडे गाडी घेऊन आले. डिझेल गाडी, बीएस-४, सव्वा लाख किलोमीटर झालेली. डिकीत एका पिशवीत दोन जुने रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब मोजणारे), एक डिझेल फिल्टर आणि तीन गॅरेजची बिलं. तक्रार एकच. चालता चालता चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडीचा दम जातो. मग रेस कितीही द्या, पुढं ओढत नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली, मिनिटभर थांबून पुन्हा चालू केली की जणू काही झालंच नव्हतं. दोन ठिकाणी सेन्सर बदलून झाला होता. तिसऱ्या ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेलंय, नवीन टाकावं लागेल.

मी विचारलं, "गुरुजी, हे होतं कुठं?"

"कुठंही होतंय हो, त्याचा नेम नाही."

"आठवून सांगा. मागच्या चार-पाच वेळा गाडी कुठं होती?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बीडला जाताना कधीच नाही झालं बघा. येतानाच होतंय. मांजरसुंब्याचा घाट चढताना."

त्या एका वाक्यानं माझं निम्मं काम झालं. केजहून बीडला जाताना तो घाट उतरायचा असतो, येताना चढायचा. बिघाड सेन्सरच्या आत असता तर त्याला चढ-उताराचं काय? चढावर इंजिनवर लोड येतो, आणि लोड आला की इंजिन आपल्या जागेवर हलतं. गाडी दुरुस्तीला नेताना स्कॅनरवरच्या बिघाडाच्या कोडपेक्षाही आधी हे सांगा: कधी होतं, कुठं होतं, इंजिन थंड असताना की गरम, एसी चालू असताना की बंद, पाऊस पडल्यावर की धुऊन आणल्यावर.

कोड काय सांगतो

गुरुजींच्या गाडीत कोड होता पी ०१९३. तिन्ही गॅरेजमध्ये स्कॅनरवर हाच आला होता आणि पहिल्या दोन ठिकाणी त्याचा अर्थ "रेल प्रेशर सेन्सर खराब" असा घेतला गेला. स्कॅनरवर मात्र तसं लिहिलेलं नसतं. त्यावर असतं "फ्यूएल रेल प्रेशर सेन्सर सर्किट हाय". यात "सर्किट" आणि "हाय" हे दोन शब्द कामाचे आहेत, आणि नेमके तेच कुणी वाचत नाही.

ईसीएमला सेन्सर दिसत नाही. त्याला फक्त सिग्नलच्या वायरवरचे व्होल्ट दिसतात. ते ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की तो "हाय" लिहितो, खाली गेले की "लो". व्होल्ट का वर गेले, सेन्सरमुळे, वायरीमुळे, कपलरमुळे (वायरी जोडणाऱ्या प्लगमुळे) की स्वतः ईसीएममुळे, हे त्याला कळत नाही आणि तो तसा दावाही करत नाही. कोड आपल्याला एका सर्किटच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत शिरून शोधायचं काम मीटर (मल्टिमीटर) घेतलेल्या माणसाचं आहे.

कोड वाचायची पद्धत अवघड नाही. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारख्या चेसिसच्या यंत्रणा, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे ईसीएमांचं आपसातलं नेटवर्क. पुढचा आकडा शून्य असेल तर बहुतेक वेळा तो सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. मोबाइलला जोडायच्या ब्लूटूथ डोंगलवर शून्यवाले कोड बहुधा नीट वाचता येतात. कंपनीच्या स्वतःच्या कोडसाठी मात्र मोठा स्कॅनर लागतो.

खरी गफलत होते ती वर्णनाच्या शेवटच्या शब्दांत. पी ०१९३ आणि पी ००८७ या दोन्हींत "रेल प्रेशर" हे शब्द आहेत म्हणून गुरुजींचा डिझेल फिल्टरही बदलला गेला. पण पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब खरोखर कमी पडतोय. तिथं फिल्टर, पंप, इंजेक्टरची गळती, टाकीतून येणारी लाइन हे बघायला हवं. पी ०१९३ मध्ये दाबाचा संबंधच नाही, तो विजेचा कोड आहे. "रेंज" किंवा "परफॉर्मन्स" असं आलं तर आणखी वेगळी गोष्ट: व्होल्ट मर्यादेत आहेत, पण इंजिनच्या बाकीच्या माहितीशी जुळत नाहीत. तिथं वायरीबरोबरच हवेची गळती, बसलेला कार्बन, फाटलेला होज असंही कारण निघतं.

कोड पुसू नका, आधी लिहून घ्या. कोडसोबत ईसीएम त्या क्षणाचा एक फोटोच साठवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. गुरुजींच्या गाडीत त्यात होतं: वेग ४६, आरपीएम २१५०, इंजिन लोड ९२ टक्के, कूलंट ९१ अंश, बॅटरी १३.९ व्होल्ट. इंजिन पूर्ण तापलेलं, चार्जिंग ठीक, लोड जवळजवळ पूर्ण. घाटाबद्दल गुरुजींनी जे सांगितलं तेच ईसीएमनं आकड्यांत लिहून ठेवलं होतं. आधीच्या गॅरेजमध्ये कोड आला की लगेच पुसला जायचा, म्हणून ही माहिती प्रत्येक वेळी हातची गेली. बॅटरीची थिंबल (खांबावर बसणारं वायरीचं टोक) काढून ठेवली तरी बऱ्याच गाड्यांत ती पुसली जाते.

बॅटरी आणि अर्थिंग

कोणताही कोड असो, मी सुरुवात बॅटरीपासून करतो. रात्रभर उभी असलेली चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० व्होल्टच्या खाली फार उतरू नये, आणि इंजिन चालू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवं. नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीएमच्या ताब्यात असतं, त्यामुळं आकडा खाली-वर होताना दिसला तर लगेच आल्टरनेटरला दोष देऊ नका. बॅटरी मेलेली असेल तर मात्र एकाच वेळी पाच-सहा कोड येऊ शकतात आणि त्यातला बहुधा एकही खरा नसतो.

मग अर्थिंग. इथं ओहमवर मीटर लावून "बीप वाजला, अर्थ ठीक आहे" असं म्हणणारे अजून खूप आहेत, आणि मला ही सवय मोडावीशी वाटते. समजा इंजिनच्या अर्थ पट्टीला गंज चढलाय आणि तिचा विरोध २ मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा पाचशेवा भाग झालाय. साधा मीटर तो दाखवूच शकत नाही, शून्य दाखवतो. पण स्टार्टर २०० अँपिअर ओढतो तेव्हा त्याच पट्टीवर ०.४ व्होल्ट हरवतात. म्हणून व्होल्टेज ड्रॉप बघायचा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, थिंबलवर नाही, खांबावर लावा. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. मग सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की पट्टी काढून, घासून, घट्ट बसवायची.

हेच एका तुटत आलेल्या वायरीचं. सोळा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी ओहमवर बीप वाजतो आणि व्होल्टवर पूर्ण बारा दिसतात, कारण मीटर करंट ओढतच नाही. ईसीएमच्या मुख्य रिलेपासून येणारी पॉवरची वायर तपासायची असेल तर कपलर काढून त्या टोकाला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी. मिणमिणला तर बारा व्होल्ट दाखवणारी तीच वायर कामाची नाही.

हा बल्ब किंवा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरींना मात्र कधीही लावायचा नाही. तिथली ५ व्होल्टची लाइन अगदी थोडा करंट देऊ शकते, ईसीएमच्या आत नुकसान होऊ शकतं. पिवळ्या रंगाच्या एअरबॅगच्या कपलरला तर मीटरही लावायचा नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजिन चालू असताना रेलचा पाइप सैल करून बघण्याची जुनी सवय कुणाला असेल तर ती सोडा. तिथं दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो, डिझेलची सूक्ष्म धार कातडी भेदून आत जाते. इंजेक्टरच्या वायरीवरही बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्ट येतात, चालू इंजिनात तिथं हात नको.

तीन वायरींचं सर्किट

रेल प्रेशर सेन्सर, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर, एक्सलेटर पेडलचा सेन्सर, या सगळ्यांची मूळ मांडणी एकच. एक वायर ईसीएमकडून ५ व्होल्ट आणते, एक सेन्सरचा अर्थ परत नेते, तिसरी सिग्नल. इंजिन बंद आणि चावी चालू असताना रेलमध्ये दाब नसतो, तेव्हा सिग्नल सहसा अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. दाब वाढेल तसा तो वर चढतो आणि साडेचारच्या पुढं निरोगी सर्किटमध्ये जात नाही. वरचा आणि खालचा हा अर्धा अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, म्हणजे वायर तुटली किंवा चिकटली तर ईसीएमला लगेच कळावं.

आता "हाय" कसं होईल, याचा विचार कागदावर करा. सिग्नलची वायर ५ व्होल्टच्या किंवा बारा व्होल्टच्या वायरीला चिकटली तर होईल. सेन्सर आतून गेला तर होईल. सिग्नलची वायर तुटली तर ईसीएमच्या आतल्या मांडणीप्रमाणे काही गाड्यांत हाय, काहींत लो होईल. आणि चौथं कारण, जे सहसा लक्षात येत नाही: सेन्सरची अर्थची वायर तुटली तरी हाय होतं. अर्थच नाही म्हटल्यावर वरून येणारे ५ व्होल्ट सेन्सरमधून जाऊन सिग्नलवर तसेच उभे राहतात. बघणारा सिग्नलची वायर तपासतो, ५ व्होल्ट तपासतो, दोन्ही ठीक निघतात, मग सेन्सर बदलतो. नवीन सेन्सर बसवताना कपलर हलतो, तुटलेली टोकं पुन्हा टेकतात, आठ दिवस गाडी छान चालते. गुरुजींकडं असंच दोनदा झालं होतं.

मोजताना वायरीच्या इन्सुलेशनमध्ये टाचणी खुपसू नका. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरात आतलं तांबं हिरवं होतं. कपलरच्या मागच्या बाजूनं, वायरीच्या कडेनं बारीक पिन आत सरकवायची. कपलर समोरून उघडून जाड प्रोब घुसवला तर पिन पसरते, आणि मग नवीनच बिघाड तयार होतो.

गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर मला मिळालेले आकडे असे: ५ व्होल्टच्या लाइनवर ५.०२, सिग्नल ०.५१, सेन्सरच्या अर्थवर बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत ०.०१. आयडलवर सिग्नल १.२. वायरिंग हातानं हलवून, वळवून बघितलं, काही नाही. इथं थांबलो असतो तर मीही सेन्सर बदलला असता.

दोन वायरींचे सेन्सर, आणि उन्हाळा

थोडं बाजूला जाऊन कूलंटच्या सेन्सरचं सांगतो, कारण त्याची चाचणी इतकी सोपी आहे की डोंगल असलेला गाडीमालकही ती करू शकतो. कोड पी ०११८, म्हणजे सर्किट हाय, आलाय समजा. या सेन्सरला दोनच वायरी. थंड असताना त्याचा विरोध जास्त, तापला की कमी. २० अंशाला तो बहुतेक गाड्यांत दोन-तीन हजार ओहम, ८० अंशाच्या पुढं काही शे ओहम. कोड पुसा, इंजिन बंद आणि चावी चालू ठेवा, कपलर काढा आणि स्कॅनरवर तापमान बघा. ते उणे ४० च्या आसपास जायला हवं. आता कपलरच्या दोन पिना एका छोट्या वायरीनं जोडा. तापमान उडी मारून १३० च्या वर जायला हवं. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा किंवा पिनांच्या संपर्काचा, आणि आता सेन्सर घ्यायला हरकत नाही. जोडूनही उणे ४० च राहिलं तर वायर कुठंतरी तुटलीय. कपलर काढूनही तापमान वरच राहिलं तर सिग्नल कुठंतरी अर्थला चिकटलाय.

एक सावधगिरी. काही गाड्यांत बिघाड नोंदवला गेला की ईसीएम स्वतःच एक ठरावीक तापमान धरून चालतो, रेडिएटरचा पंखा सतत फिरवतो आणि स्कॅनरवर ते धरलेलं तापमान दाखवतो. म्हणून कोड पुसून लगेच बघायचं.

इंजिन किती फिरतंय हे ईसीएमला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचं दुखणं आपल्याकडं मे महिन्यात उफाळून येतं. पारा चाळीशीच्या वर, गाडी अहमदपूर-नांदेड रस्त्यावर दोन तास चाललेली, कुठंतरी चहाला थांबलात आणि परत सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतं, धरत नाही. अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. कोड कधी पी ०३३५ येतो, कधी येतच नाही. अशा वेळी गरम असतानाच बघायला हवं: सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम किती? इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, म्हणजे क्रँकचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोचत नाही. सेन्सर दोन वायरींचा, कॉइलवाला असेल तर कपलर काढून त्याच क्षणी ओहम मोजा आणि गार झाल्यावर पुन्हा मोजा. गरम असताना सर्किट उघडं आणि गार झाल्यावर कंपनीच्या पुस्तकातला आकडा, तर हा सेन्सर खरंच गेला. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही. तिथं पॉवर, अर्थ आणि फिरताना सिग्नल बदलतो का, हे बघायचं. माझ्याकडं येणाऱ्या कामांत क्रँक सेन्सर हा प्रामाणिकपणे बदलावा लागणारा भाग आहे, हेही सांगायला हवं. सगळंच वायरीवर ढकलून चालत नाही.

ऊसतोड आणि उंदीर

कारखाने सुरू झाले, फड मोकळे व्हायला लागले की माझ्याकडं एका विशिष्ट प्रकारच्या गाड्या वाढतात. रानातले उंदीर वस्तीकडं सरकतात, थंडीत बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते, आणि शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी गाडी त्यांचं घर होते. अशा गाडीत सकाळी एकदम पाच-सात कोड येतात: पेडल, मॅप, रेल प्रेशर, सगळेच. एका रात्रीत पाच सेन्सर मरत नाहीत. पाचांना जोडणारं काय आहे ते शोधायचं, आणि ती असते ५ व्होल्टची सामायिक लाइन. सोबत पी ०६४२ असेल तर ईसीएम स्वतःच सांगतोय की ती लाइन खाली बसलीय.

मीटर ५ व्होल्टच्या पिनवर लावून ठेवा आणि सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. एखादा काढल्याबरोबर मीटरवर पाच परत आले तर तो सेन्सर आतून अर्थ झालाय. सगळे काढूनही शून्यच राहिलं तर बहुधा वायर कुरतडलीय. मागच्या हिवाळ्यात रेणापूरकडच्या एका गाडीत बॅटरीच्या ट्रेखाली, वरून अजिबात न दिसणाऱ्या जागी वायरिंगचं वेटोळं निम्मं खाल्लेलं होतं आणि ५ व्होल्टची उघडी तार ट्रेच्या पत्र्याला टेकली होती. ईसीएमसकट सगळं शाबूत होतं.

कुरतडलेल्या वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. तेवढ्याच जाडीची वायर घ्या, डाग द्या (सोल्डर करा) किंवा नीट क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि सगळ्या वायरींचे जोड एकाच जागी न ठेवता पुढं-मागं ठेवा. क्रँक सेन्सरच्या वायरींना पीळ किंवा जाळी असेल तर ती तशीच परत करा, नाहीतर इंजेक्टरच्या वायरीतला गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो.

परत गुरुजींच्या गाडीकडं

मीटरला लांब वायरी जोडल्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सेन्सरच्या अर्थच्या पिनला मागच्या बाजूनं. वायरी बेल्ट आणि सायलेन्सरपासून दूर ठेवून मीटर काचेवर टेकवला आणि मॅक्सवर टाकला, म्हणजे क्षणभरासाठी जरी आकडा वर गेला तरी तो धरून ठेवेल. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, समोर कुणाला उभं राहू दिलं नाही. माझा पोरगा गाडीत, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. त्याला रिव्हर्स टाकून क्लच अर्धा सोडायला सांगितला. इंजिन पुढं झुकलं, मीटरवर ०.०१. मग पहिला गिअर, तसाच क्लच. इंजिन मागं झुकलं, आणि मी बाजूनं बघत होतो, ते जेवढं हलायला पाहिजे त्याच्या दुप्पट हललं. मीटरवर ४.८. चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी ०१९३.

इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचं रबर फाटलेलं होतं. चढावर लोड आला की इंजिन मागं कलायचं आणि बॉडीला बांधलेल्या वायरिंगमधून सेन्सरकडं जाणारा फाटा ताणला जायचा. सपाट रस्त्यावर एवढा ताण येत नव्हता, घाट उतरताना तर इंजिन उलटीकडं कलायचं. कपलरपासून वीतभर अंतरावर, फाटा जिथं मुख्य वायरिंगच्या टेपमधून बाहेर पडतो, तिथं टेप सोडवली. तिन्ही वायरी वरून धडधाकट. एकेक चिमटीत धरून हलका ताण दिला. दोन ताठ राहिल्या, तिसरी रबरासारखी लांबली. आत तांबं तुटलेलं होतं, फक्त इन्सुलेशननं ती धरून ठेवली होती. तीच अर्थची.

शॉर्टकट सुचवायला एक शेजारी होताच: सेन्सरचा अर्थ सरळ बॉडीला जोडून टाका, विषय संपला. हे करू नका. सेन्सरचा अर्थ ईसीएममधून परत जातो तो मुद्दाम, कारण बॉडीवर स्टार्टर, पंखा, हेडलाइट सगळ्यांचा करंट वाहतो. तिथं ०.१ व्होल्टही खाली-वर झाला तर तेवढाच सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि ईसीएमला रेलचा दाब चुकीचा वाटतो. मी वायरीचा तुटका तुकडा कापून नवा जोड दिला, फाट्याला चार बोटं ढील ठेवली, आणि माउंटिंग बदललं. माउंटिंग न बदलता नुसती वायर जोडली असती तर सहा महिन्यांत ती शेजारच्या जागी तुटली असती.

कोड पुसल्यावर दिवा लागला नाही, यावरून काम झालं असं मानता येत नाही. ज्या परिस्थितीत बिघाड यायचा तीच परिस्थिती पुन्हा द्यावी लागते. मला पुढच्या आठवड्यात बीडला सामान आणायचं होतं, गुरुजींनाही तिकडंच जायचं होतं. मीटर तसाच जोडून, मॅक्सवर टाकून आम्ही निघालो. येताना गाडीत चार माणसं, मागं सामान, एसी चालू. मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण लोडवर चढवला. गुरुजी रस्त्याकडं कमी आणि मीटरकडं जास्त बघत होते, त्यांना दोनदा टोकावं लागलं. वर चौकात गाडी बाजूला घेतली तेव्हा मीटरवर सगळ्यात मोठा आकडा होता ०.०३.